पाचव्या रांगेतले नाना

मुंबईला कोणी सिद्धिविनायकासाठी येतं, कोणी टाटात तपासणीसाठी, कोणी दादरला लग्नाच्या साड्या घ्यायला. सांगलीचे नाना नाटकासाठी येतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरतात आणि आमच्याकडे चहाचा कप हातात पडायच्या आत विचारतात, "आजचा पेपर कुठाय?" पहिल्या पानाशी त्यांना कर्तव्य नसतं. नाटकांच्या जाहिरातींचं पान तेवढं सोडवून घेतात, खिशातलं बॉलपेन काढतात आणि मांडी घालून पंचांग बघावं तसे बसतात.

जाहिरातींचा अर्थ लावावा तो नानांनीच. "'लोकाग्रहास्तव' म्हणजे निर्मात्याच्या आग्रहास्तव. 'वाटचाल शतकाकडे' म्हणजे अजून पन्नाससुद्धा झालेले नाहीत. आणि 'मोजकेच प्रयोग' लिहिलंय ना, ह्यांच्या हिरोला सीरियल मिळाली बघ." दीर्घांक दिसला की सरळ फुली. मध्यंतर नाही म्हणजे वडा नाही, आणि वड्याशिवाय नाटक बघणं म्हणजे नानांच्या मते नुसतं अंधारात बसून येणं.

हा अधिकार कुठून आला, असं विचारायची सोय नाही. विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत, १८४३ साली. देवल हरिपूरचे, म्हणजे नानांच्या घरापासून सायकलच्या अंतरावर. खाडिलकर सांगलीचेच. त्यामुळे मुंबईतली सगळी नाट्यगृहं नानांना भाड्याने दिलेल्या खोल्यांसारखी वाटतात आणि ते वर्षातून एकदा डागडुजी बघायला येतात. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात शिरताना तर त्यांची मान आणखी ताठ होते, कारण मास्टर दीनानाथ सांगलीत राहत होते. ते मूळचे गोव्यातल्या मंगेशीचे, हे माझी गोव्याची बायको ऐकवते, तेव्हा नाना आणखी एक पोळी मागून घेतात.

"नाना, हीच नाटकं दौऱ्यावर सांगलीला येतात की. भावे नाट्यमंदिरात आरामात बघाल," असं मी सुचवून पाहिलं होतं. नानांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "दौऱ्यावर सेट छाटून आणतात. इथं जिना असतो, तिथं नुसतं स्टूल. आणि नेमका आपल्या प्रयोगाला रिप्लेसमेंटचा नट." हे मात्र त्यांचं अगदी खोटं नाही. टेम्पोत मावेल तेवढाच बंगला दौऱ्यावर निघतो.

खरा प्रयोग मात्र तिकीटखिडकीवर रंगतो. मोबाइलवर बुकिंग होतं, हे त्यांना मान्य नाही असं नाही. पण "त्यात खुर्च्यांचे नुसते चौकोन दिसतात, माणूस दिसत नाही". म्हणून शिवाजी मंदिरच्या खिडकीवर जायचं, आणि तेही प्लॅन उघडायच्या आधी अर्धा तास. नानांना पाचवी रांग हवी. पहिल्या दोन रांगांत मान अवघडते आणि टोपाची शिवण दिसते. आठवीच्या मागे नटाचे डोळे दिसत नाहीत. शिवाय कडेची खुर्ची, म्हणजे मध्यंतराचा पडदा पडता पडता वड्यापाशी पोचता येतं.

"पाचवीतली कडेची आहे," खिडकीतले गृहस्थ म्हणाले.

"तिच्या पुढची कोणाला दिली?"

"म्हणजे?"

"उंच आहे का माणूस?"

"आजोबा, मी तिकीट देतो. उंची मोजत नाही."

मागच्या रांगेतून कोणीतरी "अहो, आटपा" म्हणालं. नाना मागे वळून शांतपणे म्हणाले, "तुम्हालाच सांगतो, पाचवी घ्या."

या सगळ्यात नाटक कुठलं, हे शेवटी नानीच ठरवतात. नाना तीन जाहिरातींभोवती गोल करतात, त्यांचे गुणदोष दोन दिवस आम्हाला समजावतात, आणि नानी भाजी निवडता निवडता म्हणतात, "अहो, मला हसायचंय. घरी काय रडायला कमी आहे?" मग ते गोल तसेच राहतात आणि तिकिटं विनोदी नाटकाची येतात.

यंदा माझ्या मुलीने त्यांना जुहूच्या पृथ्वी थिएटरला नेलं. तिथे खुर्चीला नंबरच नसतो. जो आधी जाईल तो बसेल, आणि घंटा झाल्यावर आलेल्याला आत घेतच नाहीत. नाना क्षणभर पोरके झाले. आयुष्यभराची विद्या, आणि प्लॅनच नाही! पण माणूस हार मानणारा नव्हे. तासभर आधी जाऊन ते रांगेत पहिले उभे राहिले. नानी कॅफेत सुलेमानी चहा पीत तरुण पोरांच्या दाढ्या बघत होत्या, त्यांना हाका मारून मारून नानांनी घसा बसवून घेतला. दार उघडलं तसे नाना धावले आणि पाचवी रांग मोजू लागले. पण पृथ्वीत प्रेक्षक रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना बसतात, तेव्हा पाचवी नक्की कुठून मोजायची? त्यांचं मोजून होईतो मागची पोरं आत शिरली आणि नाना-नानींच्या वाट्याला आली पहिली रांग, तीही बाजूची. नट इतक्या जवळ आला की नानांनी पाय आखडून घेतले. एका प्रसंगात तो त्यांच्याकडे पाठ करून बराच वेळ रडला. टोपाची शिवण शोधायला नाना वाकून बघत होते, टोप नव्हताच.

बाहेर आल्यावर मुलीने विचारलं, "कसं वाटलं?"

"काम चांगलं करतो पोरगा," नाना म्हणाले. "पण मध्यंतर नाही."

नानी मात्र अजून डोळे पुसत होत्या. हसायचं राहून गेल्याची तक्रार त्यांनी केली नाही, उलट पुढच्या वर्षी इथेच यायचं म्हणाल्या. नानांनी ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं.

तर वाचकहो, दादरच्या खिडकीवर पुढे पांढरी टोपी घातलेले, हातात पेपराची घडी धरलेले गृहस्थ दिसले, तर त्यांना कुठलं नाटक बघावं हे विचारू नका; त्यात ते दोनदा चुकतील. खुर्ची कुठली घ्यावी ते विचारा. आणि घाईत असाल तर सरळ दुसऱ्या दिवशी या.