आमचे काकाजी, एलएलबी (चालू)

पोह्यावर तर्री कमी पडली तर कोणीही नागपूरकर "भाऊ, अजून टाक ना थोडी" म्हणून मोकळा होतो. आमचे काकाजी गाडीवाल्याला विचारतात, "पैसे घेतले तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

ते चिडलेले नसतात, ही त्यातली खरी अडचण. फसवणुकीच्या गुन्ह्यात खोटा हेतू अगदी सुरुवातीपासून असावा लागतो. नंतर शब्द पाळता आला नाही, एवढ्याने माणूस ठक ठरत नाही. गाडीवाल्याला तर्री द्यायचीच होती आणि मध्येच पातेलं रिकामं झालं, तर तो निर्दोष आहे, हे काकाजींना शंभर टक्के मान्य आहे. फक्त ते रेकॉर्डवर यायला पाहिजे. तोवर मागची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि गाडीवाला मुकाट्याने दोन पळ्या जास्त ओततो. तो त्यांना 'वकीलसाहेब' म्हणतो. काकाजी तिसऱ्या सेमिस्टरला आहेत.

त्याआधी पस्तीस वर्षं ते एजी ऑफिसात ऑडिटला होते. दुसऱ्याच्या हिशेबात चूक सापडली की त्यांना भूक लागायची, असं काकू सांगते. २०२१ मध्ये रिटायर झाले आणि हे सगळं कौशल्य घरी आलं. तेल किती आणलं, किती उरलं, मधल्या अर्धा किलोचा खुलासा काय? काकूने दोन वर्षं खुलासे दिले. २०२३ च्या उन्हाळ्यात तिने तीन वर्षांच्या एलएलबीची माहिती स्वतः काढली, फॉर्म स्वतः भरला आणि फक्त सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला. "कॉलेज सकाळचं हाय," ती मला म्हणाली, "पण लायब्ररी दिवसभर उघडी असते म्हणते." तिच्या आवाजात इतकी आशा मी आधी कधी ऐकली नव्हती.

लॉ कॉलेज चौकातलं ते कॉलेज १९२५ सालचं. पुढे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला एकेकाळी तिथे शिकवायचे. नागपूर विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेले बोबडे नंतर त्याच खुर्चीवर बसले. हे कोणी काढलं की काकाजी मान हलवून म्हणतात, "मले उशीर नाही झाला, त्याइले घाई झाली."

भारतीय दंड संहिता त्यांनी पाढ्यांसारखी पाठ केली. मे महिन्यात, कूलरसमोर बनियनवर बसून, एका लयीत: तीनशे दोन खून, तीनशे चार सदोष मनुष्यवध, तीनशे सात खुनाचा प्रयत्न, तीनशे एकोणऐंशी चोरी, तीनशे पंचाण्णव दरोडा. चारशे सहाला 'फौजदारीपात्र न्यासभंग' आला की जीभ अडकायची, मग ते पाणी पिऊन पुन्हा तीनशे दोनपासून सुरू करायचे. शेजारच्यांना वाटायचं, काकाजींनी अनुष्ठान धरलं.

घरात शिकवणीचा वेगळाच परिणाम झाला. ऐकीव गोष्ट पुराव्यात चालत नाही हे कळल्यापासून काकूची दुपार उद्ध्वस्त झाली. ती सांगायला लागली की "वरच्या मजल्यावरची सून म्हणे..." की काकाजी लगेच, "तू स्वतः पाह्यलं का?" फराळाच्या डब्याभोवती चार जण जमले तर ते काही बोलत नाहीत, पाचवा आला की चष्मा वर करतात, कारण दरोड्याला किमान पाच माणसं लागतात आणि दरोड्याची नुसती तयारी हासुद्धा गुन्हा आहे.

या सगळ्यात कायदा नीट समजला तो एकट्या नातवाला. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही, हे काकाजींनी एकदा मोठ्यांदा वाचलं आणि पोरगं शेजारीच बसलं होतं. त्या दिवसापासून संत्रा बर्फीचा डबा त्याने उघड्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत रिकामा करायला सुरुवात केली. "आबाजी, मी सहाचा आहो," एवढाच त्याचा बचाव. काकाजींनी कॅलेंडरवर डिसेंबरातल्या त्याच्या वाढदिवसाभोवती लाल गोल केला.

आणि मग १ जुलै २०२४ उजाडला.

मेकॉलेच्या मंडळाने १८३७ मध्ये मसुदा केलेली, १८६० मध्ये मंजूर झालेली, १८६२ पासून लागू असलेली पाचशे अकरा कलमांची संहिता त्या दिवशी गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. कलमं तीनशे अठ्ठावन्न. चारशेवीस नावाचं कलमच शिल्लक नाही. गाडी तिथवर पोचतच नाही. फसवणूक गेली तीनशे अठरा, पोटकलम चारमध्ये. राज कपूरच्या सिनेमाला आता काय म्हणायचं, हे काकाजींनी मला खरोखर विचारलं. खून एकशे तीनवर गेला आणि तीनशे दोनमध्ये धार्मिक भावना दुखावणारे शब्द येऊन बसले. चौतीसचा घाव सर्वांत खोल होता. जुन्या चौतीसमध्ये समान उद्देशाने केलेल्या कृत्यात सगळेच सारखे दोषी; नव्या चौतीसमध्ये स्वसंरक्षणासाठी केलेलं काहीच गुन्हा नाही. बासष्टी उलटलेल्या माणसाने उन्हाळाभर घोकलेला पाढा, आणि सरकारने एका रात्रीत सात सत्ते पंचावन्न केले.

वर्गातल्या पोरांनी फोनवर तक्ता उतरवून घेतला, विषय संपला. काकाजी आठवडाभर जेवताना गप्प होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात मारबतीची मिरवणूक पाहायला मी त्यांना नेलं. लोक रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, काय काय घेऊन जायला सांगत होते. काकाजी गर्दीत टाचा उंचावून ओरडले, "नवे नंबर घेऊन जाय गे मारबत!" शेजारच्या माणसाला वाटलं मोबाइलचे. त्यानेही साथ दिली.

वाट त्यांना कायद्यानेच दाखवली. १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, हे सरांनी वर्गात सांगितलं आणि काकाजींच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यानंतर त्यांना वर्तमानकाळात रस उरला नाही. आज कोणी काही केलं तर करू देत. ते जुनं उकरू लागले: लग्नात बदललेली चप्पल, भिशीचा एक हप्ता, कोणीतरी नेलेला प्रेशर कुकर. पण बहुतेक ठिकाणी मुदत आडवी यायची. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल कोर्ट तीन वर्षांनंतर घेत नाही. चोरी गेली, न्यासभंग गेला. उरलं चारशेवीस, शिक्षा सात वर्षांपर्यंत, म्हणून मुदतीचं बंधन नाही. आता फक्त सुरुवातीपासून खोटा हेतू असलेला, भरभक्कम असा एखादा जुना गुन्हा हवा होता.

तो घरातच होता. १९८७ साली माझ्या बाबांची चेतक, नंबर लावून कित्येक वर्षांनी मिळालेली, काकूचे धाकटे भाऊ "दोन दिवसांसाठी" यवतमाळला घेऊन गेले होते. ती परत आली नाही. मामाजींचं नाव निघालं की बाबा अजूनही खिडकीबाहेर बघतात.

नातवाच्या सातव्या वाढदिवसाला मामाजी संत्र्यांची पेटी घेऊन आले. पोराने बर्फीला हात घातला, आणि मी काकाजींकडे पाहिलं. पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते वही घेऊन मामाजींसमोर बसले होते.

"किल्ली घेतली तेव्हा तुझ्या मनात काय होतं?"

मामाजींनी बर्फी गिळली. "माझ्या मनात कायचं काय, भाऊजी! मी तर एसटीनंच जातो म्हणत होतो. तुम्हीच म्हणाले, दादा आंघोळीले गेला, तोवर काढ गाडी. किल्ली तुम्ही देली. किकबी तुम्हीच मारली, मले कुठं जमे तेव्हा."

पंखा तेवढा फिरत होता. बाबा खिडकीकडून हळूहळू वळले. काकूने पदर तोंडाला लावला.

"म्हणजे दोघांनी मिळून," ती म्हणाली.

काकाजी क्षणभर थिजले. मग त्यांचे डोळे चमकले. "समान उद्देश!" त्यांनी वहीवर थाप मारली. "कलम चौतीस! आणि गुन्हा सत्त्याऐंशीचा, म्हणजे जुनंच चौतीस!" वही कोऱ्या पानावर उलटली, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि ते माझ्या बाबांकडे वळले.

"दादा, तू फिर्यादी. हं, पूर्ण नाव सांग तुझं."