संगणक जुळवला, बाबा!

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा आणि आई यांना,


परवा फोनवर मागून ऐकू आलेला आरडाओरडा भांडणाचा नव्हता. तुमचे चिरंजीव आणि तुमचा नातू घरीच संगणक जुळवत होते. आईंनी मुळीच काळजी करू नये.

बाबा, तुमचा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते. दुकानात जो तो ‘किती जीबी?’ एवढंच विचारतो. कशात काय बसतं ते घरी आल्यावर कळतं. ह्यांनी जुन्या संगणकातल्या डीडीआर-४च्या रॅमच्या पट्ट्या जपून ठेवल्या होत्या. नव्या रायझन ७६००च्या मदरबोर्डला लागते फक्त डीडीआर-५. दोन्हींच्या पिना २८८च, लांबीही सारखीच, पण खाच जराशी सरकवलेली. तीही मुद्दाम, कारण आतली जोडणी वेगळी आणि व्होल्टेजही १.२ऐवजी १.१. हे तरी म्हणतात, “जरा दाबली की बसेल.” हे तुमच्याकडून आलंय का हो?

शेवटी १६-१६ जीबीच्या दोन नव्या घेतल्या. हे चार घ्यायला निघाले होते. पण ह्या प्रोसेसरवर कंपनी दोन पट्ट्यांना ५२००चा वेग कबूल करते आणि चार लावल्या की ३६००वर येते. जास्त पैसे देऊन हळू चालायचं, हे मात्र ह्यांना पटलं नाही.

खरी जुंपली ती ग्राफिक्स कार्डावरून. नातवाला हवं होतं १६ जीबीचं आरएक्स ७८०० एक्सटी, ह्यांना १२ जीबीचं आरटीएक्स ४०७०. पहिलं २६३ वॅट खातं, दुसरं २००. घरातला वीज पुरवणारा एसएमपीएस ५५० वॅटचा. एकाला ७०० सुचवतात, दुसऱ्याला ६५०. म्हणजे तो कसाही बदलायचाच! नातू ब्लेंडरमध्ये कार्टून करतो आणि तिथे एनव्हिडियाचं कार्ड उजवं, म्हणून बाप जिंकला. तेवढ्यात मी शिवणाची टेप काढली. कॅबिनेटात जागा ३०० मिलिमीटर, पसंत केलेलं कार्ड ३२०. त्याला पंखे तीन. मग त्याच चिपचं, दोन पंख्यांचं आखूड कार्ड आणलं. त्या टेपचं कौतुक अजून कोणी केलेलं नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं तर पडदा काळाच. संगणक पहिल्या वेळी डीडीआर-५ तपासून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. ह्यांचा हात सारखा स्विचकडे, नातवाचा हात ह्यांच्या मनगटावर. चित्र आलं, मग नातवाने बायोसमध्ये कंपनीने कबूल केलेल्यापेक्षा जास्त वेग देणारं एक्स्पो चालू करून ४८००वर रांगणारी रॅम ६०००वर नेली. तरी गेम अडखळतच होता. ह्यांनी मॉनिटरची वायर कार्डाऐवजी मदरबोर्डला खोचली होती! प्रोसेसरमध्येही थोडं ग्राफिक्स असतं, त्यामुळे चित्र दिसत होतं आणि महागडं कार्ड आरामात बसून होतं.

आता गंभीर मुद्दा. त्या जुन्या पट्ट्या दिवाळीत सांगलीला आणून तुमच्या संगणकात बसवायचा ह्यांचा बेत आहे. तुमच्याकडे डीडीआर-३ आहे, मी मागच्या वेळी पाहिलंय. तुम्ही फक्त त्यांना पट्टी दाबू देऊ नका.

आईंना मेतकुटाची आठवण करून द्यावी.

तुमची सून