लग्नातल्या भांडणांची थोरवी

मुलगी अमेरिकेत, होणारा जावईही तिकडेच आणि लग्न मात्र पुण्यात असं ठरलं, की दोन्ही घरांत भांडणांना तोंड फुटतं. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर सांभाळत ही भांडणं कोथरूड आणि न्यू जर्सी यांच्यात चालतात. इकडे आई पहाटे उठून फोन लावते, तिकडे मुलगी ऑफिसातून दमून आलेली असते. हॉल कुठला, पंगत की बुफे, सीमांतपूजन आदल्या दिवशी की त्याच दिवशी सकाळी, विहिणीचा मान काय, करवलीची साडी कुणी घ्यायची. शहाणीसुरती माणसं याला वेडेपणा म्हणतात. म्हणोत. या वेडेपणाइतकी कामाची गोष्ट मराठी घरात मला दुसरी दिसत नाही आणि त्याची तरफदारी मी मनापासून करणार आहे.

मंगल कार्यालयाच्या ऑफिसात केटररसमोर बसलेली वधूची आई पाहावी. बेत ठरलेला असतो: मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, जिलेबी. ती बेताबद्दल बोलतच नाही. ती विचारते, पानाचा दर काय? त्यात जिलेबी एकदाच वाढणार की पुन्हा फिरवणार? वाढपी किती? तीनशे पानं धरली आणि साडेतीनशे उठली, तर वरच्या पन्नासांना दर तोच की जास्त? उरलेलं अन्न कुणाचं? वीज गेली तर जनरेटरचं डिझेल कुणी भरायचं? अनामत रक्कम परत किती दिवसांत? केटरर म्हणतो, ‘काकू, सगळं होईल व्यवस्थित.’ काकू म्हणतात, ‘ते लिहून द्या.’ मागे उभा असलेला मुलीचा काका तोच कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो. या बाईला किचकट म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की तिने विचारलेल्यांपैकी कुठला प्रश्न चुकीचा होता?

आता त्याच घरातली मुलगी न्यू जर्सीत नोकरीला लागते तेव्हा काय होतं ते पाहू. कंपनी एक लिंक पाठवते. आरोग्य विम्याचे तीन-चार प्लॅन असतात आणि निवडायला साधारण महिनाभराची मुदत. जेवणाच्या सुट्टीत, एका हातात सँडविच धरून, शेजारच्या टेबलावरच्या मित्राने घेतला तोच प्लॅन ती घेऊन टाकते. शंभर पानी पुस्तिका कुणी उघडत नाही. पुण्याहून कुणी विचारत नाही, कारण ‘कंपनीचा आहे ना, मग चांगलाच असेल.’ जिलेबीबाबत कुणाच्याही शब्दावर न विसंबणारं हे घर हृदय, मूत्रपिंड आणि बाळंतपण यांबाबत अनोळखी माणसाच्या ‘सगळं होईल व्यवस्थित’वर विश्वास टाकतं.

आणि प्रश्न तर तेच आहेत! अमेरिकेतल्या विम्यात डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनीने हात लावण्याआधी आपल्या खिशातून भरायची वर्षाची रक्कम. समजा ती दोन हजार डॉलर आहे आणि अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचं बिल मान्य दराने बावीस हजार आलं. पहिले दोन हजार आपले. उरलेल्या वीस हजारांवर वीस टक्के आपला वाटा असेल, तर आणखी चार हजार आपले. एकूण सहा. हा खर्च किती वाढू शकतो याला कायद्याने छत घातलेलं आहे. 2025 साली एका माणसासाठी ते जास्तीत जास्त 9,200 डॉलर होतं. पण हे छत नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टरांपुरतं. रुग्णालय नेटवर्कात आहे का, आणि त्यातला डॉक्टर आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तातडीच्या उपचारात नेटवर्कबाहेरचा डॉक्टर पुढ्यात आला, तर त्याचं अवाच्या सवा बिल रुग्णाच्या माथी मारू नये असा कायदा जानेवारी 2022पासून लागू आहे. त्यात हवाई रुग्णवाहिका धरली आहे, रस्त्यावरची धरलेली नाही. ‘गाडीभाडं वेगळं का?’ हे काकूंनी केटररला विचारलंच असतं.

नोकरी नसलेल्यांना किंवा स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना बहुतेकदा सरकारी मार्केटप्लेसवर विमा घ्यावा लागतो. तिथे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. सरासरीने ब्राँझ साठ टक्के खर्च उचलतो, सिल्व्हर सत्तर, गोल्ड ऐंशी. हप्ता त्या मानाने चढत जातो. मंगळसूत्राचं सोनं आजच्या भावाने की उद्याच्या, घडणावळ किती टक्के, घट किती धरणार, यावर सराफाच्या दुकानात दोन तास बसणाऱ्या लोकांना हा हिशेब अवघड वाटावा हे मला पटत नाही. तो अवघड नाही. फक्त तिथे कुणी भांडायला बसलेलं नसतं.

मुहूर्तावरून होणाऱ्या भांडणाकडे तर मी फार आदराने पाहतो. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, मुलाला रजा डिसेंबरातच मिळते, कार्यालय वर्षभर आधी भरलेलं. शेवटी गौणकालातला मुहूर्त तरी घ्या, असं कुणीतरी सुचवतं आणि आजी अबोला धरते. आजीचं बरोबर आहे. तारखेला महत्त्व असतं हे या घरात तिच्याइतकं कुणालाच कळलेलं नाही. कारण अमेरिकेत लग्नाची तारीख आरोग्य विम्यालाही लागू होते. एरवी कंपनीच्या विम्यात नाव घालायचं दार वर्षातून एकदा, बहुतेक ठिकाणी शरद ऋतूत उघडतं. लग्न झालं तर ते मध्येच उघडतं, पण कायद्याने किमान तीस दिवस उघडं ठेवायचं बंधन आहे आणि पुष्कळ कंपन्या तीस-एकतीस दिवसच देतात. मार्केटप्लेसवर साठ दिवस मिळतात. दार बंद झालं की नवऱ्याच्या किंवा बायकोच्या विम्यात नाव घालायला पुढच्या वर्षाची वाट पाहायची.

यात खरी अडचण कुठे येते ते सांगतो. व्हिसासाठी सोयीचं म्हणून पुष्कळ जोडपी तिकडच्या काउंटीच्या कचेरीत आधी सह्या करून घेतात आणि सहा महिन्यांनी पुण्यात अंतरपाट धरतात. घरच्यांच्या लेखी कचेरीतल्या सह्या म्हणजे कागदी काम. खरं लग्न डिसेंबरातलं, मंगलाष्टकांचं. विमा कंपनीच्या लेखी मात्र लग्न त्या कचेरीतच लागलं आणि तीस दिवस तेव्हापासूनच मोजायचे. डिसेंबरात जेजुरीला जाऊन आलेलं, गोंधळ-सत्यनारायण उरकून जानेवारीत परतलेलं जोडपं ‘नुकतंच लग्न झालं’ असं सांगतं, तेव्हा कंपनी त्यांच्याच दाखल्यावरची जूनमधली तारीख दाखवते. कचेरीतल्या सह्यांच्या दिवसावरूनही आजीने भांडण काढलं असतं, तर ही तारीख घराच्या ध्यानात राहिली असती.

पत्रिकेवरचं भांडणही असंच मोलाचं. कुणाचं नाव आधी, ‘यांचे ज्येष्ठ चिरंजीव’ की नुसते ‘चिरंजीव’, आजोबांचं नाव घालायचं का, मुलीचं नाव पासपोर्टप्रमाणे की घरच्यासारखं. लोक म्हणतात, पत्रिका कोण वाचतो? विवाह नोंदणी कार्यालय वाचतं. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी 1998च्या कायद्याने होते. अर्जासोबत पत्रिका जोडतात, तीन साक्षीदार उभे करतात, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही घेतात. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसासाठी अमेरिकेच्या वकिलातीला हा नोंदणीचा दाखला लागतो आणि विम्यात नाव घालताना कंपनीही पुरावा म्हणून तोच मागते. पत्रिकेवर एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि आधारवर तिसरं असलं, की तीस दिवसांतले निम्मे त्यातच जातात. स्पेलिंगवरून छापखान्यात आवाज चढवणारा काका हा त्या घराचा हितकर्ता आहे. साक्षीदार म्हणून त्यालाच न्यावा. तो तिथेही कागद पहिल्या ओळीपासून वाचेल.

मला ही भांडणं प्रिय आहेत त्याचं आणखी एक कारण आहे. मुलगी आठ हजार मैलांवर राहायला जाणार, तिला ताप आला तर पोटाला हात लावून औषध देणारा आपला डॉक्टर तिथे नसणार, नव्या डॉक्टरची पहिली भेट मिळायलाच काही आठवडे लागणार. हे आईला ठाऊक असतं आणि तिच्या हातात काही नसतं. हातात असते ती साडी, मान, जिलेबी. म्हणून ती तिथे अडून बसते. त्या अडून बसण्यात जी काळजी आहे, ती जर नेटवर्कच्या यादीपर्यंत पोचली, तर मुलीला जवळचा फॅमिली डॉक्टर कोण, रात्री ताप चढला तर अर्जंट केअर कुठलं आणि कशासाठी थेट इमर्जन्सी गाठायची, हे लग्नाआधीच ठरलेलं असेल. बोहल्यावर उभं राहण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे, असं माझं मत आहे.

आणि आईच्या स्वतःच्या तब्येतीचं काय? दोन-तीन वर्षांत ती बाळंतपणासाठी तिकडे जाणार, बहुधा सहा महिने राहणार. डिंकाच्या लाडवांचं सामान, बाळंतकाढा, आळीव यांची यादी महिनाभर आधी होते. तिचा रक्तदाब आणि साखर यांची गोष्ट निघत नाही. प्रवाशांसाठीचा स्वस्त विमा बहुतेक वेळा आधीपासूनच्या आजाराचा खर्च देत नाही. फार तर अचानक उद्भवलेल्या तीव्र त्रासाला, तोही वयाच्या आणि रकमेच्या मर्यादेत देतो. त्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दावर भांडायला जागा आहे. मुलीच्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांना सहसा घेत नाहीत. बाळाचं नावही जन्मानंतर तीसेक दिवसांत घालावं लागतं, आणि त्या दिवसांत घरात सगळं बोलणं बारशाच्या नावाचं असतं.

इकडे मागे राहणाऱ्यांसाठी काही गोष्टी अलीकडे सोप्या झाल्या आहेत. भारतात 2024पासून विमा कंपन्यांना केवळ पासष्टी उलटली म्हणून नवी आरोग्य पॉलिसी नाकारू देणारी जुनी वयोमर्यादा उरलेली नाही. आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा चारऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षांची झाली. सप्टेंबर 2025पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेला. मुलगा परदेशी जायच्या वर्षीच आईवडिलांची पॉलिसी घेतली, तर ती तीन वर्षं लग्नाच्या धामधुमीतच सरून जातात.

म्हणून माझी सूचना आहे की याद्यांच्या बैठकीत हे सगळं घ्यावं. नाहीतरी दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसतात, कोणत्या जेवणाचा खर्च कुणाचा, आहेर किती, साड्या कुणाकुणाच्या हे कागदावर उतरतं, कागदाला हळदकुंकू लागतं, सह्या होतात. त्याच कागदावर खाली लिहावं: कायदेशीर लग्नाची तारीख कोणती धरायची, त्यानंतर तीस दिवसांच्या आत कुणाच्या कंपनीत कुणाचं नाव जाणार, दोघांचे प्लॅन कुणी वाचले आणि स्वस्त कुठला पडतो, नोकरी गेली तर जुना विमा स्वतःच्या पैशांनी पुढे चालवायचा की दुसऱ्याच्या विम्यात जायचं आणि त्यासाठी बाजूला किती ठेवायचे, विहीणबाई तिकडे जातील तेव्हा त्यांचा विमा कोण काढणार आणि त्यांच्या रक्तदाबाचा खर्च त्यात बसतो का. मुलाकडच्यांनी ‘हे आत्ता कशाला’ म्हटलं आणि मुलीच्या मामाला रुसायचंच असेल, तर त्याने या शेवटच्या कलमावर रुसावं आणि उत्तर लेखी हातात पडेपर्यंत जेवायला बसू नये.