वर्षभर शिकवा आणि पदरचे भरा

एका निवृत्त प्राध्यापकांचा हिशेब मांडून बघा. पेन्शन महिना 80,000. म्हणजे वर्षाला 9 लाख 60 हजार. त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट. वर मुदत ठेवींचं व्याज 3 लाख 15 हजार. करपात्र उत्पन्न बरोबर 12 लाख आणि 2025-26 च्या नव्या करप्रणालीत कर शून्य.

मग जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून फोन येतो. "सर, थर्मोडायनॅमिक्सला माणूस मिळत नाहीये. तासिका तत्त्वावर याल का?" सर जातात. जाण्यायेण्याचा खर्च वगळून वर्षाचे 60,000 सुटतात. त्यावर कर किती? 62,400! बारा लाख ओलांडले की करमाफी संपते. मार्जिनल रिलीफ मिळतो, पण त्याचा अर्थ एवढाच की वरची सगळी कमाई सरकारची, शिवाय 4 टक्के उपकर. साधारण 12 लाख 70 हजारांपर्यंत हीच गत. देशातल्या कुठल्याही अब्जाधीशाला हा दर लागत नाही.

कागदांचा जाच वेगळाच. साठी ओलांडलेल्यांना आगाऊ कर माफ आहे, पण व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. मानधन व्यावसायिक शुल्क म्हणून दाखवलं की ही माफी गेली. वर्षाला 50,000 च्या वर शुल्क गेलं की 10 टक्के टीडीएस कापतात आणि टीडीएस टाळायला ज्येष्ठ बँकेत देतात तो स्वघोषणा फॉर्म इथे चालत नाही. ज्यांचा कर शून्य, त्यांनीही रिफंडची वाट बघत बसायचं.

सत्तरीत भाजीची गाडी लावणाऱ्या आजींना ना पेन्शन, ना आयकर. त्यांचं दुखणं याहून फार मोठं आहे. पण पोटाची ददात नसलेला माणूसच कर बघून काम नाकारू शकतो. सरांनी नाही म्हटलं की तास बुडतो तो पोरांचा.

स्वीडनने 2007 मध्ये 65 ओलांडलेल्यांच्या कामाच्या कमाईवरचा कर उतरवला. त्यानंतर त्या वयात कामावर टिकणारे वाढल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं. आपल्याकडे जुन्या प्रणालीत ज्येष्ठांच्या व्याजाला 50,000 ची खास वजावट आहे, कष्टाच्या कमाईला तशी नाही.

पुढच्या अर्थसंकल्पात एवढं करा: साठीनंतर काम करून मिळवलेले पहिले दोन लाख करातून वगळा, त्या 12 लाखांत धरू नका आणि त्यांवर टीडीएस कापू नका.