स्विच स्वतःहून कसा आडवा पडेल: नवशिक्या नेटवर्क ॲडमिनसाठी

अभिनंदन! ऑफिसातला रुसलेला प्रिंटर तुम्ही एकदा बंद करून चालू केलात, तो चालला, आणि तेवढ्या पुण्याईवर साहेबांनी अख्खं नेटवर्क तुमच्या गळ्यात घातलं. जिन्याखालच्या कपाटात लुकलुकणारी ती चोवीस पोर्टांची पेटी, म्हणजे स्विच, आजपासून तुमची.

आपलं ध्येय आधीच सांगून टाकतो. कुणीही यावं, पासवर्डच्या भानगडीत न पडता स्विचच्या वेबपेजला एक वेडीवाकडी विनंती पाठवावी आणि ऑफिसचं नेट जावं. याला फार हुशार हॅकर लागतो ही अफवा आहे. त्याचं काम अगदी शेवटचं आणि अगदी थोडं. बाकीची सगळी तयारी आतल्या माणसालाच वर्षानुवर्षं करून ठेवावी लागते, आणि पेपरात नाव येतं ते हॅकरचं.

१. वेबपेज चालू ठेवा.

स्विचचं काम म्हणजे आलेल्या फ्रेमवरचा, म्हणजे माहितीच्या पुडक्यावरचा, पत्ता वाचायचा आणि ती योग्य पोर्टातून पुढे ढकलायची. हे त्याच्यातली खास चिप करते. तिला वेबसाइटशी काही देणंघेणं नाही. तरी बहुतेक मॅनेज्ड स्विचांच्या पोटात कंपनीनं एक छोटा वेब सर्व्हर घातलेला असतो. त्यावर लोगो, लॉगिन आणि हिरव्या दिव्यांचं चित्र. तेच दिवे समोरच्या पेटीवर तसेही दिसतात. हे पान तुम्ही स्विच बसवला त्या दिवशी उघडाल. त्यानंतर उघडाल ते पासवर्ड आठवत नाही हे कळायला. मधल्या काळात ते रात्रंदिवस चालू राहू द्या. ‘असू दे, कधी लागलं तर’ हे वाक्य तोंडपाठ करा. सिस्कोच्या मोठ्या स्विचवर हे पान बंद करायला दोन ओळींच्या आज्ञा पुरतात असं कुणी सांगू लागलं, तर फोन आल्यासारखं करून बाहेर जा.

२. सगळी कामं एकाच बारक्या सीपीयूवर सोपवा.

ही पायरी कंपनीनंच पूर्ण करून पाठवलेली असते, तुम्ही फक्त कौतुक करायचं. वाहतूक चिप सांभाळते, पण विचार करायचं काम एका लहानशा सीपीयूकडे असतं, आणि वेबपेजही त्याच्याच माथी. एकाच शिपायाला फाटकही सांभाळायला सांगावं, टपालही वाटायला सांगावं आणि वर साहेबांच्या मुलाला शाळेतून आणायलाही पाठवावं, तसला प्रकार.

आता खरी गंमत. दोन स्विचांमध्ये लोक खबरदारी म्हणून दोन वायरी टाकतात. त्यानं वर्तुळ तयार होतं, आणि इथरनेटच्या फ्रेमला मरण ठाऊक नसतं. वर्तुळात सापडली की ती फिरतच राहते, प्रत्येक फेरीत स्वतःच्या प्रती वाढवत. यावर १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्रीचा तोडगा काढला. स्विच दर दोन सेकंदांनी एकमेकांना निरोप पाठवतात आणि जादाची वायर मिटून ठेवतात. हे निरोप पाठवतो तो आपला बारका सीपीयू. तो वेबपेजच्या चक्रात अडकला की निरोप थांबतात. नव्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत तीन निरोप चुकले, म्हणजे सहा सेकंद गेले, की शेजारचा स्विच समजतो हा मेला, आणि मिटलेली वायर उघडतो. पण हा मेलेला नसतो! याची चिप इमानेइतबारे वाहतूक ढकलत असते. वर्तुळ पूर्ण. आता एक स्विच नाही, सगळा मजला आडवा, आणि कारण काय, तर कुणीही न बघणारं एक वेबपेज. इतकी मोठी कामगिरी इतक्या कमी श्रमात दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात साधते, सांगा.

३. पूर्वसूरींचा अभ्यास करा.

मे २००० मध्ये सिस्कोनं जाहीर केलं, की आपल्या आयओएस या सॉफ्टवेअरच्या ११.१ ते १२.१ या आवृत्त्यांवर चालणाऱ्या राउटर आणि स्विचांचं वेबपेज चालू असेल, आणि त्याच्या पत्त्यापुढे कुणी टक्क्याची दोन चिन्हं टाइप केली, तर पेटी थांबते आणि पुन्हा सुरू होते. व्हायरस नाही, प्रोग्रॅम नाही, टक्का टक्का आणि एंटर. टक्क्याच्या चिन्हानंतर दोन अक्षरांचा सांकेतिक आकडा येणार अशी सॉफ्टवेअरची समजूत होती. आला दुसरा टक्का. बिचारं गोल गोल विचार करत बसलं, आणि दोन मिनिटांनी आतल्या पहारेकरी घड्याळानं सगळंच पाडून पुन्हा उभं केलं. क्वचित एखादी पेटी उभी राहायचीच नाही. मग कुणीतरी जाऊन वायर उपटायची. त्या काळी नव्या कोऱ्या पेट्यांत बहुधा हे पान बंदच असायचं, म्हणजे माणसांना ते मुद्दाम चालू करावं लागे. एवढे कष्ट घेणारी पिढी आता राहिली नाही.

पुढच्याच वर्षी त्याहून सरस घडलं. जुलै २००१ मध्ये कोड रेड नावाचा किडा मायक्रोसॉफ्टचे वेब सर्व्हर शोधत इंटरनेटभर दारं ठोठावत सुटला. त्यातलं एक दार सिस्कोच्या ६०० मालिकेतल्या डीएसएल राउटरांचं निघालं. किड्याला त्यांच्याशी काही कर्तव्य नव्हतं, पण ते ठोठावणं ऐकूनच त्यांनी पॅकेटं पुढे पाठवणं सोडून दिलं. म्हणजे तुमचा कुणी शत्रू असायलाच हवा असंही नाही. ऑडिटरचा स्कॅनर एकदा फिरला तरी नाजूक पेटी मान टाकू शकते, आणि त्याचं बिलही तुम्हीच भरता.

४. पासवर्ड कारखान्याचाच राहू द्या.

पत्ताही कारखान्याचाच ठेवा. डी-लिंकचे बरेचसे स्विच १०.९०.९०.९० या पत्त्यावर भेटतात. हा पत्ता जगाला पाठ आहे, तुम्हालाही होईल. चुकून पासवर्ड बदलून बसला असाल तर खचू नका. स्विच पाडणाऱ्या बऱ्याच त्रुटी लॉगिनच्या आधीच कामाला येतात. विनंती वाचता वाचताच पेटी कोसळते, पासवर्ड विचारायची पाळीच येत नाही. तुमचा तो बत्तीस अक्षरी, मधे डॉलरचं चिन्ह असलेला पासवर्ड सुखरूप राहील.

५. फर्मवेअरला हात लावू नका.

इथे तर्क नीट समजून घ्या. अपडेट करायचं तर स्विच रीबूट करावा लागतो. रीबूट केला तर पाच मिनिटं नेट जातं. पाच मिनिटं नेट गेलं तर अकाउंट्सवाल्या मॅडम साहेबांकडे जातात. तेव्हा रविवारी रात्रीची ती पाच मिनिटं वाचवा, म्हणजे जीएसटी भरायच्या शेवटच्या दिवशी अख्खी दुपार मोकळी मिळेल.

जमलं तर मुदत संपलेलाच स्विच घ्या. मे २०२३ मध्ये सिस्कोनं आपल्या छोट्या कार्यालयांसाठीच्या स्विचांच्या वेबपेजमध्ये नऊ त्रुटी जाहीर केल्या. त्यांतल्या चार अतिगंभीर, आणि काही अशा की बाहेरच्यानं लॉगिन न करता पेटी बंद पाडावी. नव्या मालिकांना दुरुस्ती मिळाली. जुन्या २००, ३०० आणि ५०० मालिकांना ती मिळणार नाही असं कंपनीनं स्वच्छ लिहून टाकलं, कारण त्या निवृत्तीला लागल्या होत्या. असा माल सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळतो. घेऊन टाका, खरेदी विभागाकडून शाबासकीही मिळेल.

६. सगळे एकाच व्हीलॅनमध्ये.

व्हीलॅन म्हणजे नेटवर्कात पाडलेला वेगळा कप्पा. तुम्ही पाडू नका. साहेबांचा लॅपटॉप, सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय आणि स्विचचं लॉगिन पान, सगळं एकत्र कुटुंब. रिसेप्शनच्या सोफ्यावर ताटकळणाऱ्या माणसाला मोबाइलवरून तुमच्या स्विचपर्यंत पोचता आलं पाहिजे, नाहीतर त्याचा वेळ कसा जायचा? हेच पान थेट इंटरनेटवर ठेवलंत तर सोन्याहून पिवळं. अमेरिकेच्या सिसा या संस्थेनं जून २०२३ मध्ये केंद्रीय कार्यालयांना हुकूम काढला, की व्यवस्थापनाची अशी पानं इंटरनेटवर उघडी सापडली तर चौदा दिवसांत झाका. हुकूम काढावा लागला, यावरून आपण एकटे नाही एवढा दिलासा घ्या.

७. कुणी घाबरवू लागलं तर म्हणा, ‘चोरीला काय गेलं?’

त्रुटींच्या गुणपत्रिकेत तीन विषय असतात: गुप्तता, अखंडता, उपलब्धता. लॉगिनशिवाय दुरून सहज स्विच पाडणारी साधी त्रुटी पहिल्या दोन विषयांत भोपळा घेते, तिसऱ्यात पैकीच्या पैकी, आणि एकूण दहापैकी साडेसात. दोन विषयांत नापास होऊन पंच्याहत्तर टक्के! आमच्या वेळी अशी सोय नव्हती.

८. प्रत्यक्ष दिवस.

नेट जाईल. लोक खुर्च्यांतून उठतील, चहाला जातील, एकमेकांची नावं विचारतील. घाई करू नका. आधी इंटरनेट कंपनीला फोन लावून खडसवा. मग कपाट उघडा आणि वायर उपटा. हे महत्त्वाचं, कारण बऱ्याच स्विचांचा लॉग आतल्या मेमरीत असतो आणि वीज गेली की तो पुसला जातो. लॉग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायची सोय तुम्ही केलेली नाहीच, शाब्बास. चुकून उरलाच तर काळजी नको. घड्याळ कधी लावलेलं नसल्यानं सगळ्या नोंदी भलत्याच सालच्या निघतील.

सर्ट-इन या आपल्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावा लागतो. यातला ‘लक्षात आल्यापासून’ हा भाग हेरून ठेवा. लक्षात येऊच दिलं नाही की सहा तास सुरूच होत नाहीत. एएमसीवाला मुलगा येईल, पेटीवर हात ठेवेल आणि ‘गरम झालाय’ म्हणेल. ते रजिस्टरमध्ये लिहून घ्या. कारणाच्या रकान्यात ‘विजेचा चढउतार’, उपायाच्या रकान्यात ‘नवा यूपीएस मागवावा’. आणि मागवताना नेटवर्क कार्डवाला मागवा. त्याला वेबपेज येतं.