मामा बारीक डॉट एमपीफोर

लासूर स्टेशनात एखाद्याविषयी ‘त्याला कॉम्प्युटर येतो’ असं म्हटलं, की त्याचा अर्थ त्याच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि त्याला नाही म्हणता येत नाही, एवढाच असतो. पीकविम्याचा फॉर्म, पोरीचा बायोडाटा, कुणाच्या तरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ही त्याची बारमाही कामं. दिवाळीच्या आधी मात्र मोठं गिऱ्हाईक येतं. कुणीतरी कपाट आवरायला काढतं, साड्यांच्या घड्यांखालून जुना कॅमेरा नाहीतर नुसतंच मेमरी कार्ड निघतं आणि दिवेलागणीला ते माझ्या टेबलावर येऊन पडतं. सोबत निरोप असतो, “काही नाही, मोबाईलवर लागेल असं करून दे.”

आता हे इतकं सोपं नाही, ते समजावून सांगायचं कसं? कॅमेऱ्यांनी आजवर जितकी बिऱ्हाडं बदलली, तितकी तर बदलीवाल्या तलाठ्यानंही बदलली नसतील. १९८५ साली आठ मिलीमीटरची व्हिडिओ टेप आली, १९९५ मध्ये मिनी-डीव्ही, मग तळहाताएवढी डीव्हीडी, मग कॅमेऱ्यातच हार्डडिस्क, आणि २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकनं मिळून आणलेलं एव्हीसीएचडी. त्या कार्डात फोल्डरमध्ये फोल्डर उघडत तळाशी गेलं, की ००००० डॉट एमटीएस अशी फाईल सापडते. साखरपुडा, हळद, लग्न, वरात, सगळ्यांची नावं शून्यानं सुरू होतात. कॅमेऱ्याचा काय अंदाज असेल तो असो.

आमच्या गावात ही गोष्ट समजावायला एकच वाट आहे, ती रेल्वेची. मनमाड ते सिकंदराबाद ही निजामाच्या काळातली लाईन मीटरगेज, रुळांमधलं अंतर १००० मिलीमीटर. मनमाडला आलेली मुंबईची लाईन ब्रॉडगेज, १६७६ मिलीमीटर. नव्वदच्या दशकात आपलीही ब्रॉडगेज झाली, पण त्याआधी इकडचा माल मनमाडला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. एमटीएस ही मीटरगेजची वाघीण समजा, एमपीफोर ही ब्रॉडगेजची. गोण्या न उघडता नुसत्या इकडून तिकडे चढवल्या तर मालाला धक्का लागत नाही आणि काम मिनिटात होतं. पण पोरं इंटरनेटवरून कुठलंतरी ‘कन्व्हर्टर’ उतरवतात आणि ते प्रत्येक गोणी फोडून, माल चेपून, पुन्हा शिवून देतं. रात्रभर पंखा घोंगावतो आणि सकाळी नवरीच्या नाकातली नथ गायब.

गोणी न फोडता चढवणाऱ्या हमालाचं नाव एफएफएमपेग. फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थानं २००० साली ते सुरू केलं. त्याला खिडकी नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर ‘सी कॉपी’ असं टाईप करायचं, की झालं. नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसी, ते नारिंगी शंकूच्या चिन्हाचं. तेही पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं. दोन्ही फुकट आहेत, म्हणूनच आमच्या आत्याला दोन्हींचा संशय येतो. “फुकट कशाला देतील रे? आपले फोटो नेत असतील.” आत्याचे फोटो फ्रान्सला नेऊन ते काय करतील, हे मी विचारलेलं नाही.

याच आत्या एकदा एका फाईलमध्ये मुक्या झाल्या. एमटीएसमधला आवाज बहुधा एसी-थ्री जातीचा असतो आणि तो पुष्कळ मोबाईलना कळत नाही. चित्र चालू, आत्यांचं तोंड चालू, हातवारे चालू, आवाज शून्य. इलाज सोपा, आवाज तेवढा एएसीमध्ये बदलायचा, चित्राला हात लावायचा नाही. पण आत्यांचे यजमान म्हणाले, “असू दे, बरं दिसतंय.”

दुसरी अडचण लाईटची. एमपीफोर तयार होताना तिची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती लिहायच्या आत लाईट गेली आणि इन्व्हर्टरनंही मान टाकली, तर कित्येक जीबीची फाईल डिस्कवर दिसते पण उघडत नाही. एमकेव्हीचं तसं नाही, जेवढी झाली तेवढी दिसते. म्हणून मोठं काम असलं की मी आधी एमकेव्ही करतो आणि लाईट टिकली तर शेवटी गोण्या एमपीफोरमध्ये चढवतो. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, तो लासूरच्या उन्हाळ्यानं शिकवलेला आहे.

या कार्डांपेक्षा जुनं म्हणजे व्हीएचएस. त्या काळचे शूटिंगवाले खांद्यावर जड कॅमेरा घेऊन यायचे. मागे हॅलोजन धरलेलं पोरगं, त्याच्या मागे वायर सोडवणारं दुसरं. पंगतीवर उजेड पडला की माणसं ताठ व्हायची, घास तोंडाशी थांबायचा. शूटिंगवाला ओरडायचा, “हला, व्हिडिओ आहे!” कोणी हलत नसे. याचा फायदा आज कळतो. जुना कॅमेरा सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं घेई, एकदा विषम ओळी, एकदा सम. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो, त्यामुळे जे हलतं त्याच्या कडेला दाते येतात आणि ते घालवायला वेगळी चाळणी लावावी लागते. आमच्या थोरामोठ्यांना दाते नाहीत. दाते आहेत ते वरातीत नाचणाऱ्यांना, आणि मांडवातल्या पंख्यांना.

त्याच काळात मनमाडच्या पलीकडे मालेगावात नासिर शेखनं असल्याच कॅमेऱ्यावर ‘मालेगाव के शोले’ काढला. सायकलवर कॅमेरा धरला की ती ट्रॉली, आणि एडिटिंग दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून. टेपवरून टेप काढली की चित्र दर वेळी थोडं पुसट होतं, तरी लोकांनी तिकीट काढून पाहिलं. आमच्या लग्नाच्या कॅसेटींना फुकटातही प्रेक्षक नव्हता, कारण मिक्सिंगवाल्यानं नवरीचं तोंड बदामात घालून इतकं गरगर फिरवलेलं असायचं की तिच्या सख्ख्या आईला भोवळ यावी.

हे सगळं निभावून नेता येतं. मामांचं तसं नव्हतं.

मामा कांद्याचे आडते, अंगानं भारदस्त. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात जावयाच्या भावानं हार्डडिस्कवाला कॅमेरा आणला होता. त्यातली फाईल मॉड नावाची आणि तिच्या शेजारी मॉई नावाची एक चिमुकली. मॉडच्या पोटात साधं एमपेग-टू, डीव्हीडीवर असतं तेच. शेपटी बदलून एमपीजी केली तरी चालते. पण चित्र रुंद की चौकोनी, ही नोंद मॉईमध्ये, आणि मॉई कुणीतरी कचरा समजून कधीच उडवलेली. ठिपके दोन्हीकडे तेवढेच, ७२० बाय ५७६. रुंद चित्र प्लेअरनं आडवं ताणून दाखवायचं असतं. नाही ताणलं, तर अख्खं वऱ्हाड पाव हिश्शानं बारीक.

पहिल्या दिवशी पेनड्राईव्ह टीव्हीला लावला तेव्हा हेच झालं. अक्षता टाकणारा एक सडसडीत, उंच माणूस बघून मामा म्हणाले, “हा कोण?”

“तुम्हीच,” मामी म्हणाल्या.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला.

मी घरी जाऊन एका ओळीत रुंदी दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी पाहुणे जमवून ती लावली. मामा दोन मिनिटांत उठले. “बिघडवलंस तू. कालचं नीट होतं.” मी पाव हिश्शाचा हिशेब सांगितला. मामी पदर सावरत म्हणाल्या, “पाव हिस्सा घट? एवढी घट आडतीवर लावली तर एक शेतकरी उभा राहणार नाही.” मामींचा कौल रुंद चित्राला होता, कारण बारीक चित्रात पैठणीवरचे मोर उपाशी दिसत होते. जावईबापू मुळातच हाडं नि कातडं, बारीक फाईलमध्ये ते मुंडावळ्यांच्या मागे सापडेनात; तेव्हा मुलीचाही कौल रुंदीला. मामा एकटे पडले, पण टीव्ही त्यांचा होता. तेव्हापासून फोल्डरमध्ये दोन फाईली आहेत, ‘मामा बारीक’ आणि ‘मामा खरे’. नातेवाईकांच्या ग्रुपवर मामांनी कुठली टाकली, हे सांगायला नको.

परवा मामा पुन्हा आले. खिशातून मिनी-डीव्हीची एक टेप काढली, नातवाच्या जावळाची. मी सांगितलं, आधी चालणारा कॅमेरा शोधावा लागेल, मग फायरवायरचं तोंड असलेला जुना कॉम्प्युटर, आणि तासाची टेप उतरायला तासच लागेल, जागा तेरा जीबी. मामा सगळ्याला हो म्हणाले. कॅमेरा ते संभाजीनगरहून मिळवणार होते, कॉम्प्युटरही. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “यात मी बारीक होईन ना?”

टेपचं लेबल बघून मी म्हणालो, “हे चौकोनीच आहे मामा. यात कुणी बारीक होत नाही.”

मामांनी टेप परत खिशात घातली. “मग राहू दे. तुला कशाला उगीच ताप.”