सायबर सल्लागार साहेबांस, नाशिकच्या रविवार कारंजावरून

माननीय साहेब,


व्यापाऱ्यांसाठीचे आपले सायबर सुरक्षेवरचे व्याख्यान ऐकून आम्ही धन्य झालो. चहाही उत्तम होता. आपल्या आज्ञेनुसार दुकानात 'माहिती सुरक्षा अधिकारी' नेमला आहे. तोच सकाळी शटर उघडतो, चिवडा तोलतो आणि उधारी मागायला पंचवटीत जातो. सोळा अक्षरी पासवर्डही ठेवला. इतका अवघड, की गल्ल्याच्या झाकणाला आतून मार्करने लिहावा लागला. त्याखाली वायफायचाही आहे, गिऱ्हाईक मागते म्हणून.

बिलिंगच्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये तिच्यावरचा हात काढला, पण आम्ही रोज उदबत्ती ओवाळतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये 94 कोटी गेले, हा दाखला आपण दोनदा दिलात आणि दोन्ही वेळा आम्ही हळहळलो. पण साहेब, आमचे पैसे न्यायला कुणाला सर्व्हर फोडावा लागत नाही. फोन लावला की भागते.

तो फोन संध्याकाळी सातला येतो, काउंटरवर रांग असताना. आवाज खणखणीत, हिंदी फौजी. 'देवळाली कॅम्प से बोल रहा हूँ.' तोफखाना इथून हाकेवर, कॅम्पातले खरे गिऱ्हाईकही आमच्याकडे येते, मग शंका घ्यायची कशी? युनिटमध्ये कार्यक्रम आहे, तीस किलो चिवडा हवा, भावाची घासाघीस नाही. (भाव न करणारे गिऱ्हाईक, तेही नाशकात! तिथेच पाल चुकचुकायला हवी.) व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो येतो, कॅन्टीनचे कार्ड येते. मग कळते, की फौजेचे पैसे म्हणे वेगळ्या पद्धतीने सुटतात: आधी तुम्ही एक रुपया पाठवा, आम्ही दोन परत करतो. दोन येतातही. पाठोपाठ क्यूआर कोड. 'स्कॅन करके पिन डालो, पैसा जमा हो जाएगा.' इकडे रांगेतून हाक, 'शेठ, पाव किलो शेव द्या की!'

यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे एवढे एक वाक्य आपल्या ढीगभर स्लाइडींत कुठे दिसले नाही. 'मल्टि-फॅक्टर ऑथेंटिकेशन' मात्र जागोजागी होते. 1930 हा तक्रारीचा क्रमांक शेवटी आला, 'धन्यवाद'च्या खाली बारीक अक्षरात, तोवर मंडळी चपला शोधत होती. तो तत्काळ फिरवायचा, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत, म्हणजे ते गोठवता येण्याची आशा तरी राहते. हे सांगायचे राहिलेच. आमचा माणूस आधी भाच्याला विचारतो, मग शेजारच्या दुकानदाराला, मग लाजेखातर कुणालाच नाही.

राग मानू नका, पण चोराचा अभ्यास आपल्यापेक्षा दांडगा आहे. आमच्या गर्दीची वेळ त्याला पाठ, मोठी ऑर्डर म्हटले की आमच्या तोंडाला कसे पाणी सुटते तेही पाठ. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीनशॉट नाचवून पुडा उचलणारे आता जरा कमी झाले, तेही काउंटरवरच्या भाड्याच्या बोलक्या डब्यामुळे. तो 'मिळाले' म्हणेस्तोवर पुडा हातातून सोडायचा नाही, हे आमच्या पोऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही.

आता 2027 चा सिंहस्थ तोंडावर आलाय. कॅम्पाऐवजी आखाड्यातून फोन येतील, भंडाऱ्यासाठी शंभर किलो फरसाण मागतील, आणि महंतांना 'आधी पैसे पाठवा, मग बघू' म्हणायची कुणाची छाती आहे?

तेव्हा पुढचे व्याख्यान हॉलमध्ये नको. संध्याकाळी सातला दुकानी या, तराजूपाशी उभे राहा आणि वाजेल तो फोन आपणच उचला. तेवढ्यात बिलिंगच्या कॉम्प्युटरचेही बघा. ज्या मुलाने तो लावून दिला, तो हिंजवडीला नोकरीला लागलाय आणि आमचा नंबर दिसला की उचलत नाही.

आपला कृपाभिलाषी,
रविवार कारंजावरचा एक फरसाणवाला